सहा वर्षांचं पिंप

तूप चोख आहे की त्यात डालडा मिसळलाय, हे ठरवायचं असलं की गावातल्या बाया वाटी घेऊन कोकिळाबाईच्या दारात यायच्या. ती थेंबभर तूप तळहातावर घ्यायची, दुसऱ्या हातानं चोळायची, डोळे मिटून हुंगायची आणि सांगून टाकायची. तिचं सांगणं कधी चुकलं नाही. कांद्याच्या चाळीत एखादा कांदा आतून सडायला लागला तरी तिला बाहेरूनच कळायचं. संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला तिची दोन एकर संत्री होती आणि विहिरीच्या अंगाला भाजीपाला. या सगळ्यावर तिची नजर कमी आणि नाक जास्त असायचं.

याच नाकानं तिला छळलंही होतं. तिचा नवरा कडूबा प्यायचा. तो अंगणात पाय टाकायच्या आधीच तिला कळायचं की आज मोहाची घेतली की देशी, आणि किती घेतली. डोळे मिटून झोपेचं सोंग घेता येतं, नाक मिटता येत नाही. शेवटच्या महिन्यात त्याच्या श्वासाला एक गोडसर, कुजका वास यायला लागला. आता हा माणूस राहत नाही, हे डॉक्टरांनी सांगायच्या आठ दिवस आधी तिला समजलं होतं. ती कोणाजवळ बोलली नाही. तेव्हा तिचा एकुलता एक पोरगा शिवम चौदा वर्षांचा होता.

कडूबा गेल्यावर दोन वर्षांनी तिनं गावातलं दारूचं दुकान बंद करायचं मनावर घेतलं. शेजारची वंदना तिच्यासोबत होती. दोघी सहा महिने दारोदार फिरल्या, शिव्या ऐकल्या, रस्त्यात अडवणाऱ्यांना उत्तरं दिली. शेवटी बायांचं मतदान झालं. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती, एक उभी बाटली आणि एक आडवी. बाटली आडवी झाली, दुकानाला कुलूप लागलं आणि कोकिळाबाईला तालुकाभर नाव मिळालं. आजूबाजूच्या गावांतून बाया तिला विचारायला यायच्या. तिच्या आयुष्यात अभिमान वाटावा अशा दोनच गोष्टी होत्या, एक ते मतदान आणि दुसरा शिवम.

शिवमला आईचं नाक मिळालं होतं. लहानपणी डोळे बांधून तो मेथी, शेपू आणि कोथिंबीर ओळखायचा, इतकंच नाही तर कोणती जुडी सकाळची आणि कोणती कालची हेही सांगायचा. तो अन्नतंत्रज्ञान शिकला, शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेला आणि तिथंच नोकरीला लागला. कुठं लागला असं विचारल्यावर त्यानं सांगितलं की सातूच्या धान्यावर प्रक्रिया करायचा एक लहानसा कारखाना आहे. ते खोटं नव्हतं. पण अर्धंच खरं होतं.

उरलेलं अर्धं दोन हजार वीसच्या दिवाळीत वंदनाच्या पोरीच्या, काजलच्या मोबाइलवर आलं. फोटोत शिवम लाकडी पिंपांच्या रांगेपुढं उभा होता, हातात छोटा काचेचा ग्लास. खाली इंग्रजीत काय लिहिलंय ते काजलनं वाचून दाखवलं. तो कारखाना व्हिस्कीचा होता. कोकिळाबाईनं त्याच दिवशी फोन लावला.

शिवमनं लपवालपवी केली नाही. म्हणाला, "दारूच आहे माय. पण बाबा पेत होते तशी नाही."

"दारूले जात नसते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर अडीच वर्षं ती पोराशी बोलली नाही. त्याचा फोन वाजला की ती तो पालथा घालायची. एकदा, पुढच्या पावसाळ्यात, तो लागोपाठ तीन दिवस वाजत राहिला. चौथ्या दिवशी शिवमनं वंदनाला फोन केला. वंदना येऊन म्हणाली की पोराचा आवाज बसलेला आहे, त्याला काहीतरी सांगायचंय, दोन मिनिटं बोलून घे. कोकिळाबाई भेंडी तोडत होती. ती तोडतच राहिली.

पुढं तिचा हात मोडला, तेव्हा मात्र तो रोज फोन करू लागला आणि हळूहळू बोलणं सुरू झालं. हात कसा आहे, पाऊस पडला का, संत्र्याला भाव काय. कामाचं त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. असं चालत राहिलं, आणि गेल्या मार्गशीर्षात तो अचानक घरी आला. मलकापूरच्या स्टेशनवरून जीप करून आला होता. गालफडं बसलेली, केस पातळ झालेले. किती दिवसांची सुट्टी, असं तिनं विचारल्यावर तो म्हणाला, पाहू.

तो येऊन तीन दिवस झाले होते. ती मेथी उपटायला गेली होती आणि जाताना चुलीवर दूध ठेवून त्याला लक्ष द्यायला सांगून गेली होती. परतताना फाटकाशीच तिला जळल्याचा वास आला. ती धावत आत गेली. दूध उतू जाऊन आटलं होतं, पातेल्याचं बूड काळं पडलं होतं, घर धुरकट वासानं कोंदलं होतं. आणि शिवम चुलीपासून चार हातांवर, पाठ करून, मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

तिनं पातेलं उतरवलं. आधी तिला राग आला. मग तो राग जागच्या जागी थांबला. कालच्या भाजीला हिंग जरा जास्त झाला होता आणि तो काही बोलला नव्हता. परवा गोठ्यात मेलेली घूस सापडली तेव्हा तो तिथंच उभं राहून दात घासत होता. तिनं त्याच्या नाकाजवळ पातेलं धरलं.

"कसा वास येते?"

तो पातेल्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मले वास येत नाही, माय. चार वर्षं झाले."

मग त्यानं सगळं सांगितलं. त्या वर्षी करोनाच्या साथीत त्याला ताप आला. खोलीत तो एकटाच होता. ताप उतरला, खोकला गेला, पण वास गेला तो परत आलाच नाही. जेवण म्हणजे नुसतं खारट, गोड, तिखट. बाकी काही नाही, कडू तर जिभेलाही कळेनासं झालं. डॉक्टर म्हणाले येईल, मग म्हणाले कदाचित येईल, मग काही म्हणेनासे झाले. आणि त्याचं तर पोटच नाकावर होतं. तिथं दर सकाळी पिंपांमधला नमुना काढून हुंगायचा, चाखायचा, कोणतं पिंप तयार झालं आणि कोणतं अजून ठेवायचं हे ठरवायचं, हे त्याचं काम. त्यानं कोणाला कळू दिलं नाही. सोबतचा माणूस हुंगत असताना त्याचा चेहरा पाहायचा, जुन्या वहीतले शब्द फिरवून लिहायचा. असं चार वर्षं निभावलं. या उन्हाळ्यात मात्र एका मोठ्या टाकीतल्या मालाला सडका वास लागला होता आणि शिवमनं तो चांगला म्हणून पुढं पाठवला. मग सगळंच उघडं झालं. म्हातारा मालक भला होता, ओरडला नाही. पण कामावरून काढावंच लागलं. आणि काम गेलं की त्या देशात राहायचा कागदही जातो.

कोकिळाबाईनं विचारलं, "ताप कधी आल्ता?"

त्यानं महिना सांगितला. तिनं मनात हिशोब केला. तो भेंडीचा महिना होता.

"तेच सांगाले फोन करत होता?"

"हाव. भेव वाटत होतं. म्हटलं, मायले इचारतो, असं कोनाचं होते का म्हनून." त्यानं मोबाइल खिशात टाकला. "जाऊ दे. तुले कसं मालूम राहीन."

ती उठली. राख घेऊन पातेलं घासायला बसली. बूड लख्ख झालं तरी घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जेवणाच्या आधी, शिवमनं बॅगेतून कपड्यांत गुंडाळलेली एक बाटली काढली आणि ओसरीवर तिच्यापुढं ठेवली. तिनं पदर सावरला आणि मागं सरकली. या घरात बाटली येऊन अठरा वर्षं झाली होती. शिवम म्हणाला की आधी ऐकून घे, मग काय म्हणायचं ते म्हण.

ही त्याच्या हातची होती. कामाला लागल्यावर दुसऱ्या वर्षी मालकानं त्याला एक पिंप दिलं होतं, तुझं तू भर म्हणून. त्यानं सातू भिजवून मोड आणले, वाळवले, आंबवले, तांब्याच्या भट्टीत दोनदा उतरवले आणि ते पाणी ओकच्या लाकडी पिंपात भरलं. तेव्हा त्याचं नाक शाबूत होतं. मग पिंपानं वर्षानुवर्षं झोपायचं असतं. लाकूड आपला रंग देतं, वास देतं. कधी काढायचं ते नाकानं ठरवायचं. ही माल्ट व्हिस्की त्या पिंपातली, सहा वर्षांची. निघताना मालकानं पहिली बाटली त्याच्या हातात दिली आणि उत्तम झालीय म्हणाला.

"पन त्याले माह्यी कीव येत होती," शिवम म्हणाला. "तिथले सगळे चांगली म्हनतात. मले कोनाचं खरं वाटत नाही. तू सांग. तू खोटं नाही बोलत वासाच्या बाबतीत."

कोकिळाबाई बाटलीकडे पाहत होती. अंगणात ऊन आलं होतं. तिला ते दुकान आठवलं, कुलूप लागलं तो दिवस आठवला, कडूबाचा श्वास आठवला. आणि पालथा घातलेला फोन आठवला. शेवटी ती उठली, हात धुतले, राखेचा वास राहू नये म्हणून पुन्हा धुतले आणि येऊन बसली.

"कसं करतात ते सांग."

त्यानं चहाच्या काचेच्या ग्लासात बोटभर ओतली. रंग मधासारखा होता. एकदम नाक खुपसू नको, तोंड जरा उघडं ठेव, आधी झोंबेल ती दारू, ती जाऊ दे आणि मग पुन्हा हुंग, असं त्यानं समजावलं. तिनं ग्लास जवळ नेला आणि लगेच दूर केला. डोळ्यांत पाणी आलं. झोंबणारा वास तोच होता, ओळखीचा, अठरा वर्षांपूर्वीचा. शिवमनं ग्लास परत घ्यायला हात पुढं केला, पण तिनं दिला नाही. तिनं थेंबभर तळहातावर घेतली, तूप चोळतात तशी चोळली, उडू दिली आणि मग ओंजळ नाकाशी नेली.

"आमचा म्हातारा मालक असंच करते," शिवम हळूच म्हणाला.

दारू उडून गेली होती आणि मागं जे उरलं होतं त्यात कडूबा नव्हता. याची तिला तयारीच नव्हती. ती पुन्हा हुंगली. मग एकेक सांगू लागली आणि शिवम वहीत लिहू लागला.

गव्हाच्या ओंब्या शेकोटीवर भाजल्यावर येतो तसा वास. गूळ, पण नवा नाही, मडक्यात वर्षभर राहिलेला. सुताराकडचा लाकडाचा भुसा. मग एक वास तिला सापडत होता आणि निसटत होता. तिनं ओंजळ तीनदा जवळ नेली.

"संत्र्याची साल," ती म्हणाली. "वाळलेली नाही. पत्र्यावर वाळू घातली की दुसऱ्या दिवशी येते तशी."

शिवमची पेन्सिल थांबली. "आपल्या पत्र्यावरची?"

"हाव. आपल्याच."

त्यानं त्यात संत्रं घातलं नव्हतं. त्यात सातू, पाणी आणि लाकूड याशिवाय काहीच नव्हतं. पण भट्टीतून उतरताना कोणता भाग ठेवायचा आणि कोणता टाकायचा हे त्यानं नाकानं ठरवलं होतं. तेव्हा आपलं नाक काय शोधत होतं, हे बहुधा त्याला आज कळत होतं. त्याचा चेहरा उजळला. आल्यापासून पहिल्यांदाच.

"आता चाख," तो म्हणाला. "येवढीशी. जिभेवर फिरव आन् थुकून टाक, चालते."

तिनं जिभेला लावली. आग झाली, मग ती आग गोड झाली आणि घशापर्यंत उतरली. थुंकायचं ती विसरली. चांगलं होतं. आपल्या पोरानं केलेली गोष्ट चांगली होती, हे तिला कबूल करावं लागलं. ती सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात शेवट आला. गोडी ओसरली आणि मागं कडू, तुरट काहीतरी जिभेला धरून बसलं. हलेना. चहापत्ती फार उकळल्यावर होतं तसं.

शिवम तिच्या तोंडाकडे पाहत होता. चार वर्षं तो माणसांचे चेहरे वाचूनच जगला होता.

"काय आहे? सांग."

चांगली आहे म्हणून थांबता आलं असतं. तिला तसं वाटलंही. पण त्यानं एवढ्या लांबून बाटली आणली होती ती खरं ऐकायला.

"शेवटी कडू होते," ती म्हणाली. "लाकूड जास्त झालं. आधी काढली असती तं..."

शिवमनं वही मिटली. मग त्यानं सांगितलं की गेल्या वर्षी मालक त्याला त्या पिंपापाशी घेऊन गेला होता. तुझं पिंप आहे, काढायचं का तू ठरव, म्हणाला होता. सोबत दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे कोणाचा चेहरा पाहता येईना. त्यानं हुंगलं, नुसतं झोंबलं, वास कसलाच नाही. आणि आपल्याला काही कळत नाही हे कळू नये म्हणून तो ऐटीत म्हणाला, अजून एक वर्ष ठेवू.

"त्या दिवशी तयार होती ते," तो म्हणाला. "म्या बिघडवली."

आणि तो रडला. मोठा झाल्यावर त्याला रडताना तिनं पाहिलं नव्हतं, बाप गेला तेव्हाही नाही. कोकिळाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिलाही सांगायचं होतं. तो फोन उचलायला पाहिजे होता, भेंडी काय उद्याही तोडता आली असती. पण तिच्या तोंडून एवढंच निघालं की, "म्याही लय उशीर केला, बाप्पा."

दुपारी ती म्हणाली की बाटली घरात राहणार नाही. शिवमनं वाद घातला नाही. न्हाणीमागच्या मोरीपाशी जाऊन त्यानं ती उलटी धरली. सहा वर्षं पिंपात निजलेली ती एका मिनिटात वाहून गेली. उन्हानं तापलेल्या फरशीवर पडताच तिचा वास उसळला आणि अंगणभर झाला. भाजलेल्या ओंब्या, गूळ, संत्र्याची साल. कडूपणा त्यात कुठंच नव्हता, तो नुसता जिभेवर होता.

"येऊन राह्यला का?" शिवमनं विचारलं.

"हाव," ती म्हणाली. "अंगणभर."

तो त्या वासाच्या मधोमध रिकामी बाटली घेऊन उभा राहिला.

कुंपणापलीकडून वंदना आली ती वास घेतच. तिचा नवराही पिणाराच होता, तो वास तिला शिकवावा लागत नव्हता. तिनं बाटली पाहिली, शिवमकडे पाहिलं आणि कोकिळाबाईला विचारलं, वास कशाचा? पोराच्या औषधाचा म्हणता आलं असतं. कोकिळाबाईनं जसं होतं तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं की मी चाखली.

वंदना दोन पावलं मागं सरली. मग म्हणाली, "वहिनी, तुह्या भरवशावर म्या घरी मार खाल्ला होता, मतदानाच्या टायमाले."

"मालूम आहे मले."

वंदना निघून गेली. ती गावात कोणाजवळ काही बोलली नाही, हा तिचा मोठेपणा. पण संध्याकाळी गप्पा मारायला कुंपणापाशी येणं तिनं बंद केलं. पुढच्या महिला बचत गटाच्या बैठकीत कोकिळाबाईनं मतदानापासून तिच्याकडं असलेलं अध्यक्षपद स्वतःहून सोडलं. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. बायांनी आग्रह केला, वंदनानं केला नाही.

शिवम राहिला. बागेत जातो, पाणी देतो, मलकापूरला एका तेलाच्या कारखान्यात यंत्रांवर देखरेखीचं काम मिळेल असं कोणी म्हटलंय. अकोल्याच्या डॉक्टरांनी एक उपाय सांगितला. रोज सकाळी चार ओळखीचे वास, एकेक करून, वीस वीस सेकंद हुंगायचे आणि तो वास कसा होता ते आठवायचा प्रयत्न करायचा. काहींना फरक पडतो, बहुतेकांना एवढ्या वर्षांनी पडत नाही. कोकिळाबाईनं चार डब्या केल्या. लवंग, हिंग, कोथिंबीर, आणि चौथीत संत्र्याची साल.

रोज सकाळी ओसरीवर दोघं बसतात. तो डोळे मिटतो, ती डबी धरते आणि मनात वीस मोजते. तो नाही म्हणतो, ती दुसरी डबी उचलते. दीड महिना असं चाललं. परवा लवंगेच्या वेळी तो म्हणाला, "हाव. आला थोडासा."

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं.

"माह्यासाठी नको म्हनू," ती म्हणाली.

शिवमनं डोळे उघडले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाला, "नाही आला."

तिनं लवंगेची डबी बंद केली, हिंगाची उघडली आणि पुन्हा एकपासून मोजू लागली.